प्युट्रिड गहू

चहा जरा खाली ठेवा, नाईतर ठसका लागन. आणि आधीच सांगून ठेवतो, ऐकून झाल्यावर मले समजदार म्हणायचं नाई. तसं तुम्ही म्हणतच नाई, ते वेगळं!

मी पुलगावच्या एका शाळेत इंग्रजीचा मास्तर होतो तेव्हाची गोष्ट. एकोणऐंशी-ऐंशी साल असेल. खोली होती बाजूच्या नाचणगावात, आबाजींच्या घरी. आबाजी म्हणजे माझे घरमालक. वावर चांगलं, बैलजोडी चांगली, माणूस त्याहून चांगला. घरात बायको आणि एक मुलगी. मुलीचं नाव नलू.

झालं! तुम्ही लगेच एकमेकाकडं पाहून हसून राह्यले. हसा, हसा. मी बी तेव्हा असाच हसायचो. एकटाच, सायकलवर, नाचणगाव ते पुलगाव. रस्त्यावरची माणसं बाजूले व्हायची.

लपवण्यात आता काय अर्थ आहे? मले नलू भल्लीच आवडायची. दिसायले चारचौघींसारखीच. पण ती काही विचाराले लागली की मान थोडी तिरपी करायची, आणि मग तो प्रश्न कितीबी अवघड असो, माणसाले वाटे का विचारतच राहावं. आजबी वाटते. काय करता!

नलू मॅट्रिकले सगळ्या विषयांत पास, फक्त इंग्रजीत नापास. एक दिवस आबाजी म्हणाले, "मास्तर, संध्याकाळचं जरा आमच्या पोट्टीले पाहत जा."

पाहत जा! अहो, मी दुसरं काय करत होतो?

शिकवणी ओसरीवर. नलू चटईवर, मी खुर्चीवर, आणि दोघांच्या मधात काकू, म्हणजे नलूची माय, सूप घेऊन बसलेली. जगातल्या सगळ्या धान्यात खडे असतात हे मले त्या वर्षी समजलं. एकबी संध्याकाळ अशी गेली नाई का काकूजवळ निवडाले काही नाई.

एक दिवस धडा आला गावाच्या स्वच्छतेचा. त्यात एका डबक्याच्या पाण्याले 'प्युट्रिड' म्हटलं होतं. माझ्या अंगात आलं! कारण हा माझा लाडका शब्द. डर्टी काय, कोणीबी म्हणते. डर्टी तर एसटीचा कंडक्टरबी म्हणते. प्युट्रिड म्हणाले ग्रॅज्युएट लागते! शब्द तोंडातून निघायच्या आधीच नाक वर जाते, असा त्याचा रुबाब.

"प्युट्रिड म्हणजे सडून घाण वास मारणारं," मी सांगितलं. "मेलेला उंदीर, खराब अंडं, तुंबलेली नाली."

"आणि दूध, सर?" नलूची मान तिरपी.

"दूधबी."

"पण दूध सडत नाई ना, सर. दूध नासते. भाजी विटते. भाकरीले बुरशी येते. पाला कुजते. पीठ आंबते. सगळ्याले एकच शब्द?"

आता बोला! काकूचा हात सुपात थांबला. मी खाकरलो. "इंग्रजीत इतकं बारीक नसते," मी म्हटलं. इंग्रजीत बी असते हो! मलेच माहीत नव्हतं.

"पण आंबलेलं तं आपण खातो, सर."

"हे पाह्य नलू, ज्याचा वास नाकाले सहन होत नाई, ते सगळं प्युट्रिड. लिहून घे."

तिनं लिहून घेतलं. मान खाली, ओठ दाबलेले, आणि हसू काही दाबल्या जात नाई असं. ते हसू पाह्यलं आणि मी मनात ठरवून टाकलं. लग्न करीन तर हिच्याशी.

इथं माझ्या बाजूनं एक गोष्ट ध्यानात घ्या. माझी आई मी लहान असतानाच गेली. सगळं शिक्षण वर्ध्याले बोर्डिंगात झालं. घर कसं चालते, कोण्या महिन्यात घरात काय भिजते, काय वाळते, ह्याचा मले गंध नाई. ताटात आलं ते खाल्लं, इतकंच माझं ज्ञान. आबाजीच्या घरी पहिल्यांदा मी घर पाह्यलं. संध्याकाळी चुलीचा धूर, काकूचं "मास्तर, जेवले का?", आतून नलूच्या बांगड्यांचा आवाज. मले नलू तर पाहिजेच होती, पण ते अख्खं घरच पाहिजे होतं, अंगणासकट.

वैशाखात मी पेपर तपासाले नागपूरले गेलतो. पंधरा दिवस पेपर कमी तपासले, भाषणच जास्त पाठ केलं. "आबाजी, तुमच्याशी एक बोलायचं होतं." इथून सुरुवात. मग माझी नोकरी, माझा स्वभाव, मग नलू. माझ्या वडिलांनी गावाहून निरोप धाडला होता, तुले पसंत आहे तर आम्हाले पसंत आहे. म्हणजे अडलं होतं फक्त माझ्या तोंडापाशी.

परत आलो ते भर दुपारी. घराले कडी. शेजारच्या पार्बताबाई कुडाच्या पलीकडून म्हणाल्या, "सारेच बजारले गेले, मास्तर. येतीन आता."

बरं झालं, म्हटलं. हातपाय धुवू, भाषण एकदा उजळून घेऊ. म्हणून मागच्या अंगणात गेलो, आणि बाप्पा! काय तो वास! नाकात शिरला तो टाळूपर्यंत गेला. शोधत शोधत गेलो तर कोपऱ्यात सावलीले एक मोठा गंज. गंज म्हणजे आपलं ते मोठं पातेलं हो. वर फडकं बांधलेलं. फडकं सोडलं. आत गहू! फुगून टम्म झालेले, वर फेस, आणि मधूनमधून खालून बुडबुडे येऊन राह्यले.

माझ्या मनात एकच विचार आला. बिचारी काकू! गहू भिजवले आणि विसरून गेली. आता बजारातून थकून येतीन, आणि घरात हे प्युट्रिड प्रकरण! आणि अशा वासात मी आबाजीले मुलगी मागू?

मग दुसरा विचार आला. तोच खरा घातकी. म्हटलं, परक्यानं नाक दाबावं. घरच्या माणसानं साफ करावं. काकू येऊन पाहीन तर गंज चकचकीत! म्हणीन, जावई असावा तर असा!

लागलो कामाले. नाकातोंडाले रुमाल बांधला. गंज ओढत ओढत परसामागं नेला आणि सगळाच्या सगळा उकिरड्यावर पालथा केला. वास असा उसळला का डोळ्यांतून धारा लागल्या. तेवढ्यात कुडावरून पार्बताबाईचं डोकं.

"अरे बाप्पा! मास्तर, हे काय करून राह्यले?"

तोंडाले रुमाल. बोलणार कसा? मी हात हलवला.

"आन् रडून काऊन राह्यले?"

आमच्याकडं काऊन म्हणजे का. मी पुन्हा हात हलवला आणि बाहीनं डोळे पुसले. पार्बताबाईनं छातीवर हात ठेवला, माझ्याकडं अशा नजरेनं पाह्यलं का मलेच कसंतरी झालं, आणि डोकं खाली गेलं.

मी गंज राखेनं घासला, उन्हात पालथा घातला. आंघोळ केली. पांढरा शर्ट घातला, केसाले तेल लावलं आणि ओसरीवर उभा राह्यलो. भाषण ओठावर तयार.

बैलबंडी आली. आबाजी उतरले, काकू उतरली, नलू उतरली. नलूच्या हातात कपड्याचं मोठं बोचकं. मी म्हटलं, "आबाजी, तुमच्याशी एक..." आणि मागून काकूची किंकाळी!

"माय वं! माहे गहू कोणं नेले?"

मी ऐटीत मागं गेलो. "काकू, मी फेकले. पार सडले होते. प्युट्रिड!"

काकू तिथंच अंगणात बसली. "मास्तर," ती म्हणाली, "ते कुरोड्याचे गहू होते."

कुरोड्या म्हणजे तुमच्या तिकडच्या कुरडया. त्याचे गहू तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात, आणि ते आंबून असा वास सुटला म्हणजेच ते बरोबर झाले असं समजतात! मग वाटून चीक काढायचा. हे मले तेव्हा कळलं. मी कुरोडी आयुष्यभर ताटात पाह्यली. गंजात कधी पाह्यलीच नाई.

"नलूच्या लग्नाच्या कुरोड्या हो!" काकू म्हणाली.

कुरोड्या ऐकून मी लाजलो होतो. पुढचा शब्द ऐकून कानात नुसतं घोंग्ग झालं.

"कोणाच्या लग्नाच्या?" मी विचारलं.

विचारायसारखा प्रश्न होता का हा? नलू दाराशी बोचकं धरून उभी. मी नागपूरले असताना सेलूकडचं स्थळ आलं, पाहून गेले, बोलणं झालं. साक्षगंध, म्हणजे तुमचा साखरपुडा, चार दिवसांवर, लग्न ज्येष्ठात. बजारात गेले होते ते साक्षगंधाचे कपडे घ्याले. माझं भाषण गिळलं मी. अजून घशात आहे.

आता पुढं ऐका. पार्बताबाई विहिरीवर गेल्या. तिथं म्हणाल्या, "मास्तरनं नलूच्या लग्नाचे गहू रडत रडत फेकले." विहिरीवरून गोष्ट चहाच्या टपरीवर गेली, तिथं मास्तरनं गंजाले लाथ मारली होती. न्हाव्याकडं पोचेपर्यंत मास्तर "हे लग्न मी होऊ देणार नाई!" असं ओरडला होता. दुसऱ्या दिवशी रस्त्यानं निघालो तर नववीचे पोट्टे माझ्याकडं पहिल्यांदाच इज्जतीनं पाहून राह्यले होते!

संध्याकाळी आबाजींनी मले ओसरीवर बसवलं. स्वतः तंबाखू मळत राह्यले.

"मास्तर, एक विचारतो, राग नोका मानू. लोक काहीबाही बोलून राह्यले. तुमच्या मनात काही हाय का?"

मी चटईची एक काडी उपसली.

"असन तं सांगा. साक्षगंध अजून व्हाचं हाय. तुम्ही आपल्यातलेच, नोकरीवाले. मी काही वाघ नाई."

ऐकलं? तुम्हाले समजलं ना, माणूस काय म्हणून राह्यला होता? तुम्ही चहा पिता पिता समजले! मले नाई समजलं. माझ्या डोक्यात एकच, का हा भला माणूस मले चोर समजून राह्यला. ह्याच्या मुलीचं लग्न मोडाले मी मुद्दाम गहू फेकले असं ह्याले वाटते. माझी मास्तरकी जाईन, नलूचं नाव खराब होईन.

"देवाशपथ आबाजी!" मी उभाच राह्यलो. "माझ्या मनात तसलं काही नाई! नलू माझी विद्यार्थिनी आहे. मले फक्त गहू सडले असं वाटलं!"

आबाजींनी तळहातावर एक थाप मारली. मग तंबाखू तोंडात टाकली. "बरं," म्हणाले, आणि बैलाले चारा टाकाले गेले.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण माझी अब्रू मले आता धुऊन पाहिजे होती! मी टपरीवर गेलो, न्हाव्याकडं गेलो, ज्याच्या ज्याच्या घरी गोष्ट पोचली होती तिथं तिथं गेलो. "अहो, प्युट्रिड म्हणजे असं असते..." एकेकाले बसवून अर्थ सांगितला. नाचणगावात इंग्रजीचा इतका प्रसार कोणी केला नसेल.

मग गोष्ट सेलूले पोचली. नवऱ्या मुलाचे मामा दुसऱ्याच दिवशी हजर! चेहरा कडक. ओसरीवर बसले आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्याबद्दल ऐकलं ते काय हाय? पोरीचं अन् तुमचं काही असन तं आत्ता सांगा. आम्ही उठून जातो."

उठून जातो म्हणाला हो माणूस! मले काहीच बोलायचं नव्हतं. नुसतं खाली पाह्यलं असतं, तरी झालं असतं. पण मी काय केलं? आतून डिक्शनरी आणली! मामाले पान उघडून दाखवलं. शब्द, अर्थ, वाक्यात उपयोग. मी नागपूरहून कसा आलो, वास कसा आला, रुमाल कसा बांधला, डोळ्यांत पाणी काऊन आलं, सगळं पुराव्यासकट सांगितलं. सांगताना आतल्या दाराचा पडदा हलला. मी मुद्दाम आवाज चढवला, तिलेबी ऐकू जावं म्हणून.

मामा आधी गंभीर. मग मिशी हलाले लागली. मग असे हसले, असे हसले का टोपी खाली पडली.

"अहो आबाजी," ते डोळे पुसत म्हणाले, "ह्या माणसाचं काय भेव घेता? ह्याले गहू भिजले का सडले ते समजत नाई! पक्कं समजा लग्न!"

आणि मीबी हसलो. सगळ्यांत मोठ्यानं!

इकडं काकूनं नवीन गहू भिजत घातलेच होते. पाणी बदलायचं काम मी मागून घेतलं. तेवढंच प्रायश्चित्त. शेवटल्या दिवशी संध्याकाळी मी गंजातलं पाणी ओतून राह्यलो होतो. नलू आली. अंगणात कोणी नाई. काकू नाई, काकूचं सूपबी नाई.

"सर."

"अं?"

"एक विचारू?" मान तिरपी.

"विचार ना. शब्द अडला का?"

"नाई. पार्बताकाकू म्हणते, गहू फेकताना तुम्ही रडून राह्यलते."

"म्हणजे... पाणी येत होतं डोळ्यातून."

"काऊन?"

हा एकच शब्द. तिच्या हाताले हिरव्या बांगड्या होत्या, त्या तिनं दुसऱ्या हातानं दाबून धरल्या होत्या, आवाज होऊ नये म्हणून.

"वासानं," मी म्हटलं.

"फक्त वासानं?"

"फक्त वासानं. त्याचं कसं आहे नलू, धान्य आंबलं का त्याच्यातून..." आणि मी तिले शिकवाले लागलो. आंबणं वेगळं, सडणं वेगळं, तू त्या दिवशी बरोबर होतीस, प्युट्रिड इथं चालत नाई, ह्याले दुसरा शब्द पाहिजे. मी शिकवत राह्यलो, ती ऐकत राह्यली. शिकवणीत ऐकायची तशीच, शेवटपर्यंत. आज वाटते, एखाद्यावेळी तरी तिनं मधातच टोकायले पाहिजे होतं.

"बरं, सर," ती म्हणाली. माझ्या हातातला तांब्या घेतला. "असं नाई. हळू ओता. गहू वाहून जाते." एकदा ओतून दाखवलं, तांब्या परत दिला आणि आत गेली.

आणि तुम्हाले सांगतो, मी खूश होतो! म्हटलं, वाचलो! तिची अब्रू वाचली, माझी वाचली!

लग्न झालं. पंगतीत कुरोड्या वाढाले मीच. अशा फुलल्या होत्या, पांढऱ्याशुभ्र. वऱ्हाडी मागून मागून खाऊन राह्यले. पार्बताबाईच्या पानापाशी आलो तर त्यांनी टोपलं धरलं. हळूच म्हणाल्या, "पोट्टी विचाराले आलती ना तुमाले?"

"आलती. मी सांगितलं तिले खरं."

"मास्तर," पार्बताबाई म्हणाल्या, "एक डाव रडलो म्हटलं असतं, तं आज वाढत नसते. पाटावर बसले असते. भैताड हाय तुम्ही!"

मी टोपलं घेऊन तिथंच उभा. मागून लोक ओरडून राह्यले, "मास्तर, कुरोड्या इकडं! इकडं!" मांडवात नलूकडं पाह्यलं. तिची मान खाली होती. संध्याकाळी ती सेलूच्या बंडीत बसली आणि गेली. जाताना मास्तर म्हणून माझ्याबी पाया पडली. मी म्हटलं, "सुखी राह्य." आणि ती राह्यली, चांगली सुखी राह्यली, असं ऐकतो. ऑक्टोबरात इंग्रजीतबी पास झाली.

आता मी वर्ध्याले राहतो. वैशाखात सकाळी फिराले निघालो आणि कोण्या घराच्या मागून तो वास आला, का माझे पाय थांबतात. रुमाल काढत नाई मी. चांगला छाती भरून घेतो. वाटते, आत्ता कोणी मान तिरपी करून विचारन, काऊन उभे आहात, सर? आजकाल असा वास लय कमी घरांतून येते, म्हणून मी गल्ल्या बदलून बदलून फिरतो.

आणि ह्याच्यातलं सगळ्यांत मोठं गाढवपण अजून तुमच्या ध्यानात आलं नाई वाटते! अहो, त्या वैशाखात अख्खं नाचणगाव काय म्हणत होतं? का मास्तरचं नलूवर मन आहे. खरं होतं ना ते! अक्षर न् अक्षर खरं होतं! सगळ्या गावात खोटं बोलणारा मी एकटा. आणि गावानं विश्वास कोणावर ठेवला? मास्तरवर!